खांद्यावरची पाच अक्षरं : पणजोबांच्या फोटोतला गणवेश कसा वाचायचा

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो आहे तशीच ठेवली आहे.)

 

आज आपण एक फोटो बघणार आहोत. आता ऐकता ऐकता फोटो कसा बघायचा, असं तुम्ही म्हणाल. तर मी सांगत जातो, तुम्ही तुमच्या घरातला फोटो डोळ्यासमोर आणा. खूप घरांत असतो तो. देवघराच्या वर किंवा माळ्यावरच्या ट्रंकेत. खाकी कपड्यातला एक तरुण ताठ उभा, मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा. आणि घरात एक वाक्य ठरलेलं असतं : "आपले पणजोबा मिल्ट्रीत होते." पुढे काही नाही. कुठल्या पलटणीत, कुठल्या लढाईत, कुठल्या हुद्द्यावर, कोणाला काही माहीत नाही.

असाच एक फोटो सोनगीरच्या एका श्रोत्याने पाठवला. नाव सांगत नाही, त्याने तसं सांगितलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : सोनगीर म्हणजे धुळ्याच्या उत्तरेला, मुंबई-आग्रा महामार्गावरचं गाव. डोंगरावर किल्ला आणि खाली तांब्या-पितळेची भांडी घडवणारे कारागीर. खानदेशात सोनगीरची भांडी माहीत नाहीत असं घर शोधून काढावं लागेल.

तर या मुलाचं घर नव्याने बांधून झालंय. दारावर संगमरवरी पाटी लावायची आहे. पाटीवरचा मजकूर ठरलेला : "पहिल्या महायुद्धातील सुभेदार", आणि पुढे पणजोबांचं नाव. पाटीवाल्याने मजकूर मागितला आणि घरात वाद सुरू झाला. कारण त्याच्या वडिलांची मोठी आत्या, म्हणजे फोटोतल्या माणसाची सख्खी मुलगी, अजून आहेत. वय नव्वदीच्या आसपास. त्या म्हणतात, "बाप गाडीवर व्हता, बंदूकवर नही." घरातल्या पुरुषांना वाटतं, म्हातारीला आता आठवत नाही. आणि मुलाला प्रश्न पडलाय की दगडावर काय कोरायचं.

आधी बोटांवर हिशोब करा

फोटोकडे बघण्याआधी एक काम करायचं, आणि ते बहुतेक लोक करत नाहीत. वयाचा हिशोब.

पहिलं महायुद्ध १९१४ ते १९१८. त्यात लढलेला माणूस साधारण १९०० च्या आधी जन्मलेला असणार. आता हा मुलगा बावीस वर्षांचा. पणजोबांची मुलगी नव्वदीची, म्हणजे तिचा जन्म १९३५ च्या आगेमागे. मुलीच्या जन्मावेळी बाप चाळिशीचा असू शकतो, हो, अगदीच अशक्य नाही. पण या आत्या घरातली थोरली. पहिली मुलगी आणि वडील चाळिशीचे, त्या काळात? त्या काळी विशी-पंचविशीत पहिलं मूल व्हायचं. म्हणजे पणजोबांचा जन्म १९१० ते १९१५ च्या सुमारास धरला तर पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा ते पाटी-पेन्सिल घेऊन फिरत असतील.

हा पुरावा नाही, हे लक्षात घ्या. फक्त एक इशारा आहे. पण तुमच्या घरातसुद्धा "पहिलं महायुद्ध" असं कोणी म्हणत असेल तर आधी हा हिशोब करा. कारण घरोघरी दोन्ही लढाया एकमेकींत मिसळून गेलेल्या असतात. जुनी माणसं नुसतं "जर्मनची लढाई" म्हणायची. जर्मन तर दोन्हीकडे होते!

फोटो मोबाइलवर कसा घ्यायचा

मुलाने मला पहिल्यांदा पाठवला तो फोटो रंगीत होता. एका ॲपमधून रंगवलेला. चेहरा गुळगुळीत, डोळ्यांत चमक, खांद्यावर झगमगता तारा. मी त्याला म्हटलं, हा नको, मूळ पाठव.

मंडळी, हे नीट ऐका. रंग भरणारं ॲप रंग ओळखत नाही, अंदाजाने भरतं. आणि फोटो धारदार करणारं ॲप तर त्याहून धोकादायक. जिथे धूसर ठिपका आहे तिथे ते स्वतःच्या मनाने बटण करतं, तारा करतं, अक्षर करतं. चेहरा बघायला ठीक आहे. पण गणवेश ओळखताना जे बघायचं असतं ते नेमकं त्या धूसर ठिपक्यातच असतं.

तर फोटो असा घ्या. शक्य असेल तर फ्रेममधून बाहेर काढा. पण फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, वरचा थर काचेलाच राहतो आणि फोटो कायमचा जातो. तसाच काचेसकट घ्या. फ्लॅश बंद. खिडकीपाशी सावलीतला उजेड असेल तिथे फोटो सपाट ठेवा आणि मोबाइल बरोबर वर, आडवा धरा. मग खांदे, डोकं, छाती, बाह्या, कंबर, पाय, प्रत्येकाचा जवळून वेगळा फोटो. फोटो उलटा करून मागची बाजूसुद्धा घ्या. स्टुडिओचा शिक्का, गावाचं नाव, पेन्सिलने लिहिलेली तारीख, जे असेल ते. देवळाली, अहमदनगर, बेळगाव, महू असं छावणीचं नाव मागे निघालं तर अर्धं काम तिथेच झालं.

आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर ते दाबून लहान होतं आणि खांद्यावरची अक्षरं पुसली जातात.

पायापासून सुरुवात

मूळ फोटो आला. आता वाचूया. मी नेहमी पायापासून सुरू करतो, कारण चेहऱ्याकडे बघितलं की आपण भावुक होतो.

पोटरीला गुंडाळलेली कापडी पट्टी आठवते का? इंग्रजांनी आपल्याच "पट्टी" शब्दावरून तिला नाव दिलं. पहिल्या महायुद्धातल्या हिंदी शिपायाच्या फोटोत ही पट्टी घोट्यापासून थेट गुडघ्याखालपर्यंत गुंडाळलेली दिसते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हाफ पँट, लोकरीचे लांब मोजे आणि फक्त घोट्याभोवती आखूड पट्टी, हे चित्र जास्त दिसतं.

वरचा कपडा बघा. पहिल्या महायुद्धात आपल्या पायदळाचा खाकी कुर्ता असायचा, खरोखरच कुर्ता. लांब, अर्ध्यापर्यंत बटणं, वरून पट्टा. दुसऱ्या महायुद्धात शर्ट आणि तो पँटीत खोचलेला.

आपल्या फोटोत काय आहे? हाफ पँट, लांब मोजे, घोट्याशी आखूड पट्टी, खोचलेला शर्ट. आपला वयाचा हिशोब आणि कपडे एकाच बाजूला बोलायला लागले.

आणखी एक तपासणी. फोटो उलटा छापलाय का? पुरुषांच्या शर्टाची डावी बाजू उजवीवर येते आणि पदकांच्या रिबिनी छातीच्या डाव्या बाजूला असतात. हे उलटं दिसलं तर निगेटिव्ह उलटी ठेवून छापलेला असू शकतो. मग अक्षरंही उलटी वाचावी लागतात.

आणि रंगांवर विश्वास ठेवू नका. जुन्या काळी स्टुडिओत वापरायच्या कितीतरी प्लेट आणि फिल्म लाल रंग पकडत नसत. लाल काळा यायचा, निळा फिकट यायचा. त्यामुळे काळ्या-पांढऱ्या फोटोतल्या रिबिनीवरून "हे अमुक पदक" असं छातीठोक सांगणाऱ्यापासून जरा लांब राहा.

बाहीवर काय आहे

आता हुद्दा. दंडावर इंग्रजी व्ही सारख्या पट्ट्या असतात. एक पट्टी लान्स नाईक, दोन नाईक, तीन हवालदार. सुभेदार आणि जमादार यांच्या बाहीवर पट्ट्या नसतात, त्यांची खूण खांद्यावर. जमादाराचा एक तारा, सुभेदाराचे दोन. हा जमादार म्हणजे सैन्यातला अधिकारी बरं का, १९६५ पासून त्याला नायब सुभेदार म्हणतात. जुन्या कागदात "जमादार" वाचून कोणी नाक मुरडू नका.

मनगटाजवळ उलट्या व्ही सारखी छोटी पट्टी दिसली तर तो हुद्दा नाही. ती बहुतेक चांगल्या वर्तणुकीची किंवा बाहेरदेशी केलेल्या सेवेची खूण असते. घराघरांत इथेच हुद्दे वाढतात.

आपल्या फोटोत उजव्या दंडावर दोन पट्ट्या. स्पष्ट. नाईक.

मग सुभेदार कुठून आला? त्या ॲपने ज्याला झगमगता तारा केलं होतं, तो मूळ फोटोत बुरशीचा ठिपका आहे. तसेच ठिपके पडद्यावर आणि पँटीवरसुद्धा आहेत. पण मला वाटतं, "सुभेदार" हा शब्द ॲपच्या कितीतरी आधी आला असणार. पलटणीतून घरी आलेल्या माणसाला गाव आदराने हवालदार म्हणतं, सुभेदार म्हणतं. पुढच्या पिढीला तो आदर हुद्दा वाटतो. कोणी खोटं बोललेलं नसतं.

खांद्यावरची पाच अक्षरं

आता सगळ्यात महत्त्वाची जागा. खांद्याची पट्टी जिथे बाहीला मिळते, तिथे पितळेची छोटी अक्षरं किंवा आकडे असतात. सोनगीरच्या माणसाला पितळ काय आहे हे सांगायला नको. रोज घासून घासून ती अक्षरं चमकायची, त्यामुळे फोटोत ती पांढरी उमटतात.

इथे आकडा असेल तर तो काळ सांगतो. १९०३ मध्ये लष्कराने पलटणींना नवे क्रमांक दिले आणि मुंबई इलाख्यातल्या पलटणी शंभराच्या पुढे गेल्या. १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ हे मराठ्यांच्या पलटणींचे आकडे. १९२२ मध्ये त्या सगळ्या पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत एकत्र आल्या. म्हणजे खांद्यावर ११० दिसला तर फोटो १९०३ ते १९२२ च्या दरम्यानचा. यातल्या १०३, ११० आणि ११७ या पलटणी मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होत्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत. शेवटी अन्न संपलं आणि शरणागती पत्करावी लागली.

१११ हा आकडा दिसला तर खिडकी आणखी अरुंद. १११वी महार पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. त्याआधी पंचवीसेक वर्षं महारांची भरतीच बंद होती. विचार करा, हा रस्ता सोनगीरहून शिरपूर, सेंधवा करत महूच्या छावणीला जातो. त्याच महूत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते, लष्करी शाळेत शिकवत होते. बाबासाहेबांचा जन्मही तिथलाच, १४ एप्रिल १८९१. आणि त्यानंतर दोन-एक वर्षांत ही दारं बंद झाली. महार रेजिमेंट पुन्हा उभी राहायला १ ऑक्टोबर १९४१ उजाडावा लागला. म्हणून कोणाच्या घरात १११ आकड्याचा फोटो असेल तर तो फार जपा. चार वर्षांच्या खिडकीतला आहे तो.

आणि खानदेशात एक वेगळी शक्यता. खाकी म्हणजे सैन्यच असं नाही. १८२५ मध्ये जेम्स औट्रमने खानदेश भिल्ल कोअर उभी केली, मुख्यालय धरणगाव. १८९१ मध्ये ती पोलिसांत विलीन झाली. शिवाय पोलीस, जंगल खातं, रेल्वे, कचेरीचे पट्टेवाले, संस्थानांचे शिपाई, सगळेच गणवेशात फोटो काढायचे. खांद्याची अक्षरं वाचल्याशिवाय पलटण ठरवू नका.

बरं, आपला फोटो. खांद्यावर आकडा नाही, इंग्रजी अक्षरं आहेत. पहिलं अक्षर आर, नीट दिसतं. शेवटचं सी. मधली धूसर. पण जागा मोजता येतात : एकूण पाच अक्षरं. आर ने सुरू होणारं, सी ने संपणारं, पाच अक्षरी. आर.आय.ए.एस.सी., रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर.

हे सैन्याचं पुरवठा आणि वाहतूक खातं. पहिल्या महायुद्धात त्याचं नाव वेगळं होतं, सप्लाय अँड ट्रान्सपोर्ट कोअर. १९२३ मध्ये इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर झालं. आणि पुढे "रॉयल" लागलं ते १९३५ मध्ये. १९५० मध्ये प्रजासत्ताक झालं तेव्हा "रॉयल" गेलं, टोपीवरच्या बिल्ल्यावरचा मुकुट गेला, अशोकस्तंभाचे सिंह आले.

म्हणजे त्या एका आर ने सांगितलं की हा फोटो १९३५ ते १९५० च्या मधला आहे. पहिलं महायुद्ध संपलं. विषयच संपला.

आणि त्या खात्याचं काम काय? गाडी. धान्य, पेट्रोल, दारूगोळा, पाणी आघाडीपर्यंत नेणं.

"बाप गाडीवर व्हता."

म्हातारीला सगळं आठवत होतं, मंडळी. ऐकणारं कोणी नव्हतं.

एक गंमत सांगतो. या खात्यात मोटार चालवणाराही ड्रायव्हर आणि खेचर हाकणाराही कागदावर ड्रायव्हरच. इटलीच्या डोंगरात, ब्रह्मदेशच्या जंगलात जिथे ट्रक जात नव्हते तिथे खेचरांच्या पाठीवरून गोळा आणि पीठ जायचं. १९३९ च्या डिसेंबरमध्ये फ्रान्सला उतरलेली या युद्धातली पहिली हिंदी तुकडी कुठली माहितीये? याच खात्याच्या खेचर कंपन्या. आपल्या पणजोबांची गाडी ट्रकची की खेचराची, हे मात्र या फोटोतून निघत नाही. तिथे थांबायचं.

डब्यातली चांदणी

मी मुलाला विचारलं, घरात पदक आहे का? तो म्हणाला नाही. आत्या म्हणाल्या, आहे. घर बांधताना जुनं पितळ मोडीत द्यायला काढून ठेवलं होतं. फुटक्या घंगाळाचे तुकडे, समईचा तुटलेला पाय. त्यातच एका डब्यात सहा टोकांची एक चांदणी निघाली, पितळेसारखीच दिसणारी. मोड अजून दिलेली नव्हती, एवढंच नशीब.

दुसऱ्या महायुद्धाच्या या चांदण्या तांबं आणि जस्ताच्या मिश्रधातूच्या, त्यामुळे त्या पितळेच्या ढिगात सहज मिसळतात. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल तर चांदीचं. कितीतरी घरांतली ती पदकं सोनाराच्या मुशीत गेली. लग्न निघालं, दुष्काळ पडला, पदक वितळलं. यात दोष कोणाचा नाही. पण आज तुमच्या घरात असेल तर ऐका.

पहिली गोष्ट, घासू नका. पितांबरी नको, चिंच नको, राख नको. सोनगीरच्या घरात हे सांगणं म्हणजे जरा जास्तच झालं, मला कळतंय. पण पदकाच्या कडेवर आणि चांदणीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरं असू शकतात. हिंदी सैनिकांना दिलेल्या पदकांवर बहुतेक वेळा सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि दल कोरलेलं असतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना हीच पदकं कोरी मिळाली, आपल्यांना नावासकट. हा आपल्याकडचा मोठा ठेवा आहे.

दुसरी गोष्ट, चांदणीच्या पुढच्या बाजूला तिचं नाव असतं. १९३९-४५ स्टार, आफ्रिका स्टार, इटली स्टार. या चांदणीवर होतं : बर्मा स्टार. ही ब्रह्मदेश आघाडीची चांदणी. प्रत्यक्ष ब्रह्मदेशात, किंवा ठरावीक काळात बंगाल-आसामच्या पट्ट्यात, युद्धसेवा केलेल्यांना मिळायची. मागच्या बाजूला क्रमांक होता, नाव होतं आणि तीच पाच अक्षरं.

फोटोत छातीवर एकही रिबीन नाही, आणि ते जुळतं. बर्मा स्टार जाहीर झाला १९४५ मध्ये. फोटो त्याआधीचा असणार. बहुतेक रजेवर आला असताना काढलेला, पुन्हा जाण्याआधी.

घरात कोणालाच ब्रह्मदेश माहीत नव्हता. पाटीवर चुकीचं युद्ध जाणार होतं आणि खऱ्या युद्धाचा पुरावा त्याच आठवड्यात भट्टीत जाणार होता.

वडिलांचा प्रश्न

मी हे सगळं मुलाला सांगितलं. त्याने घरी सांगितलं. वडील गप्प झाले, मग म्हणाले, "म्हणजे नुसता नाईक? आणि ड्रायव्हर?"

या "नुसता" वर मला दोन मिनिटं बोलायचंय.

दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य पंचवीस लाखांच्या आसपास गेलं. सगळे स्वेच्छेने भरती झालेले. सत्याऐंशी हजारांहून जास्त मेले. आपल्याकडे लक्षात राहिले ते पराक्रमाची पदकं मिळवलेले. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव, दोघांना इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस. घाडगे १९४४ मध्ये तिथेच गेले, जाधवांना १९४५ मध्ये मिळाला. आता हुद्दा ऐकलात ना? जाधव तर साधे शिपाई, आणि घाडगे नाईक. आपल्या घरात ज्याला "नुसता" म्हणतात तो हुद्दा.

आणि ड्रायव्हर. ब्रह्मदेशात जपान्यांइतकेच पाऊस, चिखल आणि मलेरिया हेही शत्रू होते. तिथे पुढच्या माणसाच्या बंदुकीत गोळी आहे की नाही, हे मागच्या गाडीवर ठरायचं.

दुसरी बाजूही सांगतो. पहिल्या महायुद्धानंतर बसऱ्याला मोठं स्मारक उभं राहिलं, मेसोपोटेमियात गेलेल्या चाळीस हजारांहून जास्त लोकांसाठी. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली गेली. हिंदी अधिकाऱ्यांची कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांच्या मात्र पलटणीपुढे फक्त संख्या. २०२१ मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने स्वतःच अहवाल काढून अशा असमान वागणुकीबद्दल माफी मागितली. सरकारी दगडावर साध्या शिपायाचं नाव राहिलं नाही. आणि आपण आपल्या घरच्या दगडावर त्याला सुभेदार केलं, तर त्याचं खरं नाव, खरा हुद्दा आणि खरी लढाई दुसऱ्यांदा पुसतो. यावेळी प्रेमापोटी, पण पुसतोच.

पाटी बदलली. आता तिच्यावर नाव आहे, खाली "नाईक, रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर", त्याखाली "दुसरे महायुद्ध, बर्मा स्टार". आत्यांना वाचून दाखवली. त्यांनी विचारलं, गाडीचं कुठे लिहिलंय? मुलाने त्या लांबलचक इंग्रजी नावावर बोट ठेवलं आणि म्हणाला, हे सगळं गाडीचंच आहे.

पुढे कुठे विचारायचं

आता तुमच्यासाठी, टप्प्याटप्प्याने.

एक. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाशी बोला, आणि शक्यतो बाईशी. पुरुष हुद्दे सांगतात, बायका तपशील सांगतात. मनीऑर्डर कुठून यायची, कोणत्या सणाला रजा मिळाली, पत्र कोण वाचून दाखवायचं. मोबाइलवर रेकॉर्ड करा. अहिराणीत बोलत असतील तर अहिराणीतच बोलू द्या.

दोन. डिस्चार्ज बुक, पेन्शनचं पुस्तक, जुन्या पत्रांवरचे शिक्के शोधा. एक सैनिक क्रमांक मिळाला की बाकी सगळं सोपं होतं. नावं इंग्रजीत दहा प्रकारे लिहिली जायची, क्रमांक एकच असतो.

तीन. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. धुळ्याला आहे, जळगावला आहे. अर्ज कसा आणि कोणाकडे करायचा ते तिथे कळेल. दलाप्रमाणे अभिलेख कार्यालय वेगळं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, आर्मी सर्व्हिस कोअरचं बेंगळुरूला. पत्रात क्रमांक, नाव, गाव, तालुका, जुना जिल्हा, सगळं लिहा. सोबत फोटोची प्रत जोडा, मूळ फोटो कधीच पाठवू नका.

चार. तुमच्या घरातला माणूस लढाईत परत आलाच नसेल, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर शोधा. फुकट आहे, मोबाइलवर चालतं. पहिल्या युद्धासाठी ऑगस्ट १९२१ पर्यंत आणि दुसऱ्यासाठी डिसेंबर १९४७ पर्यंत गेलेल्यांच्या नोंदी तिथे आहेत. आणि एक युक्ती : "धुळे जिल्हा" शोधू नका. १९०६ मध्ये खानदेशचे दोन जिल्हे झाले. आपला धुळ्याकडचा भाग तेव्हा पश्चिम खानदेश, जळगावकडचा पूर्व खानदेश. इंग्रजीत "वेस्ट खानदेश" असं टाकून बघा. काही नोंदींत वडिलांचं नाव, बायकोचं नाव आणि गावसुद्धा असतं.

पाच. गावातली जुनी शाळा, चावडी, देवळाची भिंत बघा. पहिल्या महायुद्धानंतर बऱ्याच गावांत छोटे दगड बसवले गेले : या गावातून इतके लोक लढाईला गेले, इतके मेले. काही ठिकाणी त्यावर चुना फासलेला असतो. हळूच हात फिरवून बघा, अक्षरं हाताला लागतात.

आणि शेवटचं. जे सापडेल ते फोटोच्या मागे पेनने लिहू नका, शाई पुढच्या बाजूला उतरते. वेगळ्या कागदावर लिहा : नाव, क्रमांक, दल, हे कशावरून कळलं, कोणी सांगितलं, तारीख. "कशावरून कळलं" हे नक्की लिहा, म्हणजे तुमच्या पणतूला तुमच्यावर नुसता विश्वास ठेवावा लागणार नाही. तो कागद फोटोसोबत ठेवा आणि एक प्रत फॅमिली ग्रुपवर टाका.

तुमच्या घरात असा फोटो असेल तर खांद्याचा जवळून काढलेला फोटो पाठवा, डॉक्युमेंट म्हणून, ॲप न लावता. जमतील तितके पुढच्या भागात वाचू. कोणाच्या घरात १११ आकडा निघाला तर आधी त्यालाच घेतो.

चला, भेटू पुढच्या भागात. आणि हो, घरातली पितळेची मोड देण्याआधी डबा एकदा उघडून बघा.